शांतता कोणाची, उपद्रव कोणाचा?

जून २०१२. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाऊन या गावी एका कृष्णवर्णीय महिलेवर तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने प्राणघातक हल्ला केला. मानेतून रक्त वाहत असतानाही ती शेजाऱ्यांना विनवीत होती, की पोलिसांना बोलावू नका. शेजाऱ्यांनी ऐकले नाही, म्हणून ती वाचली. पण काही दिवसांतच स्थानिक प्रशासनाने घरमालकाला फर्मावले, की दहा दिवसांत या भाडेकरूला बाहेर काढा, नाहीतर परवाना रद्द होईल.

तिचा गुन्हा कोणता? तिच्या घरी वारंवार पोलीस आले, हाच! तिथल्या स्थानिक कायद्याप्रमाणे चार महिन्यांत तीनदा ‘बेशिस्त वर्तना’ची नोंद झाली, की घर भाड्याने देण्याचा मालकाचा परवाना धोक्यात येई. घरगुती हिंसाचाराची तक्रारही या तीनांत धरली जाई. मार खाणारी आणि मारणारा, दोघेही कायद्याच्या लेखी सारखेच उपद्रवी!

‘उपद्रवी मालमत्ते’विरुद्धचे असे कायदे अमेरिकेतील अनेक शहरांनी केले आहेत. कायद्यात कुठेही वर्णाचा उल्लेख नाही. मात्र मिल्वॉकी शहरातील २००८-०९ च्या नोटिसांचा मॅथ्यू डेस्मंड या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह अभ्यास केला, तेव्हा सत्य बाहेर आले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील घरांवर नोटिसांचा मारा अधिक होता. जवळजवळ एक तृतीयांश नोटिसा घरगुती हिंसाचारातून निघाल्या होत्या. अशा नोटिसा मिळालेल्या ८३ टक्के प्रकरणांत मालकांनी भाडेकरूला घराबाहेर काढले किंवा तशी धमकी दिली.

नॉरिसटाऊनची ती महिला मात्र गप्प बसली नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या मदतीने २०१३ साली ती संघराज्याच्या न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये प्रशासनाला ४ लाख ९५ हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली, कायदाही रद्द करावा लागला. त्याच वर्षी राज्याने अशा कायद्यांना लगाम घातला. २०२२ साली केंद्रीय कायद्याने स्वतःच्या घरातून मदत मागण्याचा हक्क मान्य केला.

ज्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्या समाजाची ही कहाणी आम्हाला परकी वाटत नाही. गावात बौद्ध वस्तीवर हल्ला होतो. पीडित पोलीस ठाण्यात जातो. आणि पुढे काय होते? ‘दोन्ही गटांत तणाव’ अशी नोंद होते आणि हल्लेखोराबरोबर फिर्यादीवरही चॅप्टर केस लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६ आहे. कलमाचा आकडा बदलला, वृत्ती बदलली नाही. तक्रारदारालाच शांततेचा जामीन द्यावा लागत असेल, तर पुढच्या वेळी तो ठाण्याची पायरी चढेल काय?

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले. पीडित, त्याचे आश्रित आणि साक्षीदार यांना धाकदपटशा आणि दबावापासून संरक्षण देणे हे त्यानुसार शासनाचे कर्तव्य आहे. फिर्यादीला चॅप्टरची नोटीस आली, तर निमूटपणे बंधपत्रावर सही करू नका. वकील गाठा, या कलमाचा आधार घेऊन लेखी हरकत द्या आणि त्याची पोच घ्या.

अन्याय सोसणारा गप्प राहिला म्हणजे शांतता नांदते, ही प्रस्थापितांची व्याख्या आहे. ती शांतता आम्हाला नको. बाबासाहेबांनी आम्हाला संघर्ष शिकवला. न्यायासाठी केलेली हाक हा उपद्रव नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे!