संहितेचा काळ आणि यंत्राचे घड्याळ

संगणकाचे घड्याळ बरोबर लावणे हे तंत्रज्ञाचे काम, साहित्याच्या अभ्यासकाचे नव्हे, असा समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात पक्का रुजलेला आहे. मला तो मान्य नाही. कालनिश्चितीवाचून साहित्याचा इतिहास उभा राहत नाही आणि आजच्या संहितेचा काळ यंत्रच नोंदवत असते.

जुन्या लेखकाची गोष्ट वेगळी होती. पोथीच्या अखेरीस तो शक, संवत्सर, कधी तिथी आणि वारही नोंदवी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख आहे, म्हणून १२९० हे वर्ष आपण निःशंकपणे सांगतो. जेधे शकावलीत शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद मिळाली आणि १६२७ की १६३० या वादाचे स्वरूपच पालटले. आजच्या कादंबरीच्या खर्ड्याला अशी पुष्पिका नसते. फाइल शेवटची कधी बदलली ही यंत्राने टिपलेली वेळ, एवढीच काय ती पुष्पिका! सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांबरोबर त्यांचे संगणकही अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने जतन केले आणि २०१० मध्ये ते अभ्यासकांना खुले केले. मराठी लेखकांचे संगणक उद्या ग्रंथालयांत येतील तेव्हा कोणता खर्डा आधीचा आणि कोणता नंतरचा हे पुष्कळदा या नोंदींवरूनच ठरवावे लागेल.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात घड्याळे दोन. एक मदरबोर्डवरचे, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे. यंत्र बंद असले तरी ते चालूच असते. दुसरे कर्नेलचे. यंत्र सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ विचारून घेते आणि पुढे आपल्या हिशेबाने चालते. हा हिशेब १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांचा, आणि ती मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची. आपल्याला पडद्यावर दिसते ते त्या आकड्याचे केवळ भारतीय भाषांतर. म्हणूनच जिची वेळ हरवून शून्य झाली आहे अशी फाइल आपल्याकडे १ जानेवारी १९७० रोजी पहाटे साडेपाच वाजता लिहिलेली दिसते. अशी तारीख पाहून कोणी त्या काळातील वाङ्मयीन प्रवाहांचा शोध घेऊ नये.

गफलत बहुधा एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत असताना होते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते. लिनक्स तीच वेळ जागतिक समजून तिच्यात आणखी साडेपाच तास मिळवते. दुपारी अडीच वाजता घड्याळ रात्रीचे आठ दाखवते! लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येते, पण ही तडजोड टाळावी. आतले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवावे आणि विंडोजलाच तसे सांगावे.

प्रत्यक्ष कृती अगदी थोडी आहे. ‘टाइमडेट-सीटीएल’ ही आज्ञा नुसती दिली तरी स्थानिक वेळ, जागतिक वेळ, मदरबोर्डची वेळ आणि कालपट्टा एकत्र दिसतात. याच आज्ञेला ‘सेट-टाइमझोन’ जोडून ‘एशिया/कोलकाता’ हे नाव द्यायचे, मग ‘सेट-एनटीपी’ला ‘ट्रू’ म्हणायचे. जाळे नसेल तर हा पर्याय बंद करून ‘सेट-टाइम’ने तारीख आणि वेळ हाताने भरावी.

यादीत मुंबई शोधू नये, ती तेथे नाही. १९७० पासून ज्या प्रदेशात घड्याळे एकसारखी चालली त्याला एकच प्रातिनिधिक शहर, असा त्या यादीचा संकेत आहे. गंमत अशी की मुंबईला स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी शहराने ही वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही. त्या काळच्या मुंबईतील पत्रात किंवा रोजनिशीत वेळ नोंदलेली असेल तर एकोणचाळीस मिनिटांचा हा फरक मनात ठेवावा लागतो, आणि संगणकाचा कालपट्टा तो आपल्याला सांगणार नाही. असो.

मला खरे कुतूहल आहे ते जाळ्यावरून वेळ घेण्याच्या पद्धतीचे. डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात ती घडवली आणि ती पाठचिकित्सेच्या इतकी जवळची आहे की वर्गात शिकवावी. संगणक अनेक सर्व्हरना वेळ विचारतो, निरोप जायला-यायला लागलेला अवधी ध्यानात घेतो, प्रत्येकाच्या उत्तराला चुकीची मर्यादा आखून देतो आणि बहुतेकांच्या मर्यादा जेथे एकमेकींवर पडतात तेथे खरी वेळ मानतो. फटकून राहणाऱ्या साक्षीदाराला तेथे ‘फॉल्सटिकर’ म्हणतात. आण्विक घड्याळाशी थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या स्तराचा, त्याच्याकडून वेळ घेणारा दुसऱ्या. हा हस्तलिखितांचा वंशवृक्षच झाला. भांडारकर संस्थेत सुखठणकरांनी महाभारताच्या प्रती तपासताना नुसती डोकी मोजली नाहीत. एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा प्रतींची साक्ष एकीचीच धरायची, हे त्या शास्त्राचे पहिले पथ्य. सर्व्हरांचेही तसेच. एकाच उगमावर पोसलेले चार सर्व्हर नेमले तर उगमाची चूक चौघेही एकमुखाने सांगतील.

कित्येक लिनक्स वितरणांत आपोआप येणारा ‘टाइमसिंक-डी’ एका वेळी एकाच सर्व्हरवर विसंबतो. घरी तो पुरेसा आहे. पण ज्या मराठी विभागात हस्तलिखितांचे अंकीकरण चालते किंवा लेखकांचे खर्डे साठवले जातात, तेथे ‘क्रोनी’ बसवावा आणि त्याला निदान चार स्वतंत्र सर्व्हर द्यावेत. फरक थोडा असेल तर क्रोनी घड्याळ एकदम न हलवता हळूहळू जुळवून आणतो. त्यामुळे नंतरचा खर्डा आधीच्यापूर्वीचा ठरण्याची आपत्ती टळते.

इतके करूनही फाइलची साधी नक्कल केली की नकलेवर त्या दिवसाची तारीख चढते. लिनक्सच्या ‘सीपी’ आज्ञेला ‘पी’ हा पर्याय जोडला तर मूळची तारीख टिकते. अंकीकरण करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगावे, आणि लेखकांनीही खर्ड्याच्या तळाशी दिनांक स्वतःच्या शब्दांत लिहावा. जमल्यास तिथीसुद्धा.