खुर्जी, डिकी आणि हंगामाची रक्कम

सोयाबीनची रास होऊन माल मोंढ्यावर जाऊं लागला, कीं आमच्या लातूर-नांदेड भागांत एक जुनी तक्रार नव्यानें कानीं येते. आडतीवरून पट्टी घेतली, रक्कम मोटारसायकलच्या डिकींत ठेविली, खताच्या दुकानीं क्षणभर थांबलों, आणि परतून पाहतों तों डिकी फुटलेली! वर्षाच्या कष्टाचें मोल असें पांच मिनिटांत नाहींसें व्हावें, यापरतें दुर्दैव तें कोणतें?

आमचे वाडवडील बैलावर वा घोड्यावर खुर्जी घालीत. पण तींत शिदोरी व दाणागोटा असे, पैका कमरेच्या कशांत राही. माळेगांवच्या यात्रेस जनावर घेण्यास निघालेला मनुष्य मुक्कामीं खुर्जी उशास घेऊनच निजे. वाहन बदललें, पण हा विवेक आपण कां सोडावा?

डिकी म्हणजे पातळ पत्रा व त्यास लहानसें कुलूप. पेचकसाच्या एका हिसक्यानें तें उघडतें. कॅरियरवर टाकलेल्या कापडी वा रेक्झिनच्या जोडपिशव्या तर बकलें सोडतांच हातीं येतात. काढण्याची जी सोय मालकास, तीच चोरासही. शिवाय खड्ड्यांतून जातां पट्टे सैल होऊन पिशवी वाटेंत गळते, चाकांत अडकते, किंवा सायलेन्सरला लागून जळते.

यास्तव पोलादी तारेचा दोर पिशवीच्या कड्यांतून ओंवून मोटारसायकलच्या सांगाड्यास कुलपानें जखडावा. केवळ कॅरियरला बांधूं नये, कारण चार बोल्ट सोडले कीं कॅरियरच निघतो. पेटी बसवितांना नट आंतल्या बाजूस व त्यांखालीं रुंद वायसर असावे. दोन्ही बाजूंस वजन सारखें ठेवावें, वाटेंत एकदां तरी पट्टे ओढून पाहावे, आणि आंत आपला मोबाईल क्रमांक लिहून ठेवावा. तथापि दोरानें पिशवी राहील, तिचें कापड फाडतां येणार नाहीं असें नव्हे. म्हणून तींत पावसाळी कोट व हत्यारें एवढेंच असावें. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आतां पुन्हां काढतां येतो. नोटांची दुसरी प्रत मिळत नाहीं. कोणी रस्त्यावर नोटा पडल्याचें सांगेल, कोणी चाक बसल्याचें, कोणी अंगावर घाण उडवील. अशा वेळीं हात पैशावरून काढूं नये.

रोकड बाळगावीच कां, असें शहाणे विचारतात. २०१९ च्या डिसेंबरपासून एनईएफटी व २०२० च्या डिसेंबरपासून आरटीजीएस अहोरात्र चालू आहे. आणि २०१७ पासून एका दिवसांत एका व्यक्तीकडून २ लाख रुपये वा अधिक रोख घेण्यास कायद्यानें मनाईही आहे. हें खरें, परंतु खात्यांत आलेला पैसा कर्जांत वळता होईल ही शेतकऱ्याची धास्ती, आणि मजुरांची मजुरी हातोहात चुकती करण्याची निकड, या दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत. आमचें मत असें, कीं कर्जाची बोली बँकेशीं आधींच करून घ्यावी, मोठी रक्कम खात्यांत घ्यावी व मजुरीपुरतीच रोख उचलावी. धास्तीपोटीं चोराच्या हातीं पैसा देण्यापेक्षां कर्ज फिटलेलें केव्हांही बरें.

भार सर्वस्वीं शेतकऱ्यावर टाकणें मात्र न्याय्य नव्हे. ज्याच्या मालावर बाजारशुल्क मिळतें, त्याच्या वाहनास पहाऱ्याची, बिल्ला देऊन घेण्याची जागा मोंढ्यांत असणें बाजार समित्यांचें कर्तव्यच आहे. वार्षिक सभेंत सभासदांनीं ही मागणी एकमुखानें मांडावी.

चोरी झालीच, तर हद्दीच्या वादांत पडूं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते. ऑनलाइन दिल्यास ३ दिवसांत सही करावी लागते. पण हा इलाज मागाहूनचा. बैल गेला नि झोपा केला, असें आमच्याविषयीं पुढील हंगामांत कोणीं म्हणूं नये, एवढीच विनंती.