तालुक्याच्या कॉलेजातला स्त्री-अभ्यास

स्त्री-अभ्यास हा मोठ्या शहरात, विद्यापीठात शिकायचा विषय, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तालुक्याच्या गावी तो असलाच तर एखादा ऐच्छिक पेपर म्हणून असतो. शिकवायला तासिका तत्त्वावरच्या बाई, त्याही वेळेवर मिळाल्या तर. 8 मार्चला रांगोळी आणि पाककृतींची स्पर्धा झाली की वर्षाचं काम संपलं!

मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते आणि अशाच एका कॉलेजात या विषयाच्या मुलींशी बोलायला जाते. या विषयाची सर्वांत जास्त गरज इथेच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

1974 साली देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी नीरा देसाईंच्या पुढाकाराने एसएनडीटी विद्यापीठात संशोधन केंद्र सुरू झालं. हा इतिहास मुलींना शिकवायलाच हवा. पण त्याच्या कितीतरी आधी, 1882 साली, 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या होत्या. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केलं. आजूबाजूच्या बायकांना प्रश्न विचारणं हाही अभ्यासच आहे, हे आपल्या मुलींना कुणी सांगतं का?

2005 सालच्या कायद्यातल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. परीक्षेपुरतं हे सगळ्यांना पाठ असतं. पण घरचा सातबारा आणा, त्यावर बायकांची नावं किती ते मोजा, असं म्हटलं की वर्ग गप्प होतो. मग हळूहळू कळतं, आत्याने हक्कसोडपत्र करून दिलंय. का? भाऊ तोडायचा नाही, माहेर टिकायला हवं. नवऱ्याने टाकलेली बाई आमच्या केंद्रात येते, तेव्हा तिने बहुतेक वेळा अशीच सही आधी केलेली असते. तिच्यासाठी मग आम्ही पोटगीच्या तारखा मोजत बसतो. सहीची वेळ येण्याआधी हा कागद ओळखायला शिकवणारा एक तास कॉलेजात झाला, तर आमच्या दहा बैठकांपेक्षा तो मोलाचा आहे.

कामाचंही तेच. 2019 सालच्या सरकारी पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषाची 97. हे आकडे फळ्यावर लिहून भागत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत आईच्या कामाची नोंद करायला सांगितली की मुलगी स्वतःच विचारते, "मॅडम, गुरांचं शेण काढणं घरकामात धरायचं की शेतीत?" हा प्रश्न अर्थशास्त्राच्या भल्याभल्यांना पडलेला आहे!

"या विषयाने नोकरी लागते का?" असं पालक विचारतात. त्यांचा प्रश्न खोटा नाही. मुलीला तीन वर्षं शिकवण्यासाठी घरात काय काय ओढाताण होते, ते आपण पाहतो. थेट नोकरी लागत नाही, हे सरळ सांगावं. पण महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. उद्या यातलीच एखादी सरपंच होईल. कागद वाचून सही करणारी सरपंच आपल्याला हवी की नको?

तेव्हा मागण्या साध्या आहेत. या विषयाला पूर्णवेळ शिक्षिका द्या. मराठीतलं वाचन ग्रंथालयात ठेवा. गावातल्या बायकांच्या मुलाखती घेणाऱ्या मुलींना त्याचे गुण द्या. आणि मुलांनाही या वर्गात बसवा. हक्कसोडपत्रावर सही मागायला उद्या तेच बहिणीकडे जाणार आहेत.

मैत्रिणींनो, आपणही एवढं करू या : जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून स्त्री-अभ्यासाचा एक तास मागून घेऊ, आणि पहिल्या तासाला सातबाऱ्याचा उतारा सोबत नेऊ.