दिवा विझवला म्हणजे इंजिन बरं होत नाही

मागच्या फेब्रुवारीत माझ्या भाच्याने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली. सांगलीत व्यवहार झाला आणि पेठ नाक्यावरून हायवेला लागून आम्ही साताऱ्याकडे निघालो. कराड सोडल्यावर, उंब्रजच्या अलीकडे, दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. ओलांडायला भाच्याने पाय दाबला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं. गाडीने आचके दिले आणि दम सोडला. शेजारी ऊस, मागे हॉर्न देणारा ट्रक आणि आम्ही मधोमध. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय.

या लेखाला थोडा उशीर झाला. गाडी विकणारा एजंट आपलाच, म्हणजे आपल्या समाजातला होता. "कशाला लिहिता, आपल्याच माणसाची बदनामी," असं घरातून आणि मोहल्ल्यातून ऐकावं लागलं. त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही, गाडीच्या कंपनीचंही नाही. कंपनीचा दोष नव्हताच. पण गप्पही बसणार नाही, कारण गप्प बसणं हाच या गोष्टीतला रोग आहे.

सुरुवातीपासून सांगतो. भाचा सव्वीस वर्षांचा, एमआयडीसीत नोकरीला. त्याला वेगाची आवड. ही आवड खिशाला परवडणारी नसते. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात आणली ती फक्त २०० गाड्यांची तुकडी होती. चाकणला बनणारी पोलोही २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे पगारदार पोराला असल्या गाडीचं स्वप्न पुरं करायचं तर जुन्या बाजाराशिवाय वाट नाही. आणि या बाजारात गाडीसोबत आधीच्या मालकाची हौसही विकत घ्यावी लागते. कोणी सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असते, कोणी सायलेन्सरच्या लाइनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला असतो.

पहिली गाडी आम्ही साताऱ्यातच पाहिली. शाहूपुरीत एक निवृत्त मास्तर, मुलाची गाडी विकत होते. मुलगा परदेशी गेलेला. गाडी चालू केली आणि इंजिनाचा पिवळा दिवा तसाच पेटलेला राहिला. आम्ही काही विचारायच्या आत मास्तरांनी एक कागद हातात दिला. स्कॅनरचा रिपोर्ट आणि गॅरेजचा अंदाज: इग्निशन कॉइल, प्लग, मजुरी धरून १८ हजार. "हे धरूनच किंमत सांगतोय," म्हणाले, "४ लाख ६० हजार."

आम्ही काय केलं? एकमेकांकडे बघून हसलो. मी स्वतः म्हणालो, "मास्तर, दिवा पेटलेली गाडी कोण घेतो? साडेतीन बघा." त्यांनी नकार दिला, चहा पाजला आणि आम्ही निघालो. बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "म्हातारा येडा आहे." मीही मान डोलावली. ही मान डोलावणं लक्षात ठेवा, पुढे तिचा हिशेब द्यायचा आहे.

दुसरी गाडी सांगलीत, तेच मॉडेल. डॅशबोर्ड स्वच्छ, एकही दिवा नाही. सीटला नवे कव्हर, टायरला काळं पॉलिश. एजंटने सलाम केला, खुर्च्या दिल्या, बोलताना तीनदा अल्लाहचं नाव घेतलं. सौदा ५ लाख २० हजारांवर ठरला. कागदावर एक ओळ होती: 'गाडी जशी आहे तशी स्वीकारली.' भाच्याने सही केली.

साताऱ्यात ओळखीच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कॉम्प्रेशन मोजलं, तेही कमी. खर्चाचा अंदाज ७० हजारांच्या वर. मग त्याने स्क्रीनवरचा आणखी एक आकडा दाखवला. गाडीच्या संगणकातले दोष पुसल्यापासून गाडी किती चालली याची नोंद बहुतेक गाड्यांत राहते. आमच्या गाडीत तो आकडा, सांगलीहून निघाल्यापासून आम्ही जेवढं चाललो त्यापेक्षा फक्त नऊ किलोमीटर जास्त होता. त्यातले सहा-सात तर आमच्याच टेस्ट ड्राइव्हचे. म्हणजे आम्ही पोहोचण्याच्या थोडंच आधी कोणीतरी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडून दिवा विझवला होता.

एजंटला फोन केला. त्याचं उत्तर मला पाठ आहे: "तुम्ही विचारलं होतं का? मी कधी म्हणालो इंजिन चांगलं आहे?"

या उत्तराला आपल्याकडे हुशारी म्हणतात. मी याला चोरी म्हणतो. आणि हे रागाने नाही, कायदा आणि दीन दोन्ही समोर ठेवून म्हणतो.

आधी कायदा. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि समजावायला घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोडा आजारी आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, लिलावात तो काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणाऱ्याने म्हटलं, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निरोगी समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखंच. आमच्या एजंटला पहिला घोडा नेमका ठाऊक होता. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: माहीत असलेली गोष्ट कृती करून झाकणं ही फसवणूकच. दिवा पेटलेला ठेवून गप्प बसणं हे मौन. यंत्र लावून दिवा विझवणं हे मौन नव्हे, ते हाताने केलेलं काम आहे. आजारी घोड्याला दोन तास उभं ठेवणारी सुई टोचून बाजारात आणणं आहे. 'जशी आहे तशी' लिहून घेणाऱ्याने आधी गाडी जशी होती तशी ठेवायला नको का?

आता दीन. गव्हाच्या राशीची हदीस आपल्यापैकी कोणी ऐकली नाही? रसूलुल्लाहनी राशीत हात घातला, वरून धान्य सुकं, आत ओलं. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणारा आमच्यातला नाही, असं बजावलं. दुसरी हदीस तर थेट आमच्या गाडीवर बसते. जनावराची कास भरलेली दिसावी म्हणून दूध न काढता ते विकायला आणायला मनाई केली आणि फसलेल्याला तीन दिवसांत ते परत करायची मुभा दिली. कराड, मिरजेच्या बाजारात म्हैस घेतलेल्या माणसाला तुंबवलेली कास काय असते हे सांगावं लागत नाही. पुसलेला दिवा ही तुंबवलेली कासच आहे. बाजाराच्या दिवशी भरलेली दिसते, घरी नेल्यावर दुसऱ्या धारेला खरं कळतं.

आपण मांस हलाल आहे का हे चारदा विचारतो. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचतो. बँकेच्या व्याजावर जुम्याच्या नमाजनंतर दारात उभं राहून तासभर वाद घालतो. पण ओडोमीटर मागे फिरवून, दिवा विझवून, पुरातली गाडी धुऊन मिळवलेल्या पैशाचं मटण हलाल कसं, हे कोणी विचारत नाही. पुराचं म्हणतोय कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेने सांगली बुडवली. पाण्यात गेलेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये गंज बसतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी बोलायला लागतो. अशी गाडी पूर सांगून विकणं हा व्यापार. न सांगता विकणं म्हणजे शेजाऱ्याच्या संकटावर दुसऱ्याचं संकट उभं करणं.

साताऱ्यापासून मिरजेपर्यंत गॅरेजच्या कामात आपली कितीतरी पोरं आहेत. शाळा सुटलेल्या पोराला पाना धरायला शिकवून घराला लावणारा हा धंदा आहे. त्यांच्या हातावर परके लोक विश्वास ठेवतात, डोळे झाकून किल्ली देतात. नोकरी देताना, घर भाड्याने देताना आपलं नाव ऐकून मागे सरणारा माणूसही गाडी बिघडली की आपल्याच मिस्त्रीकडे येतो. ही कमाई दोन-तीन पिढ्यांची आहे. तीनशे रुपये घेऊन दिवा पुसून देणारा मिस्त्री ती खर्च करतो. बदनामी मी लिहिल्याने होत नाही, तीनशे रुपयांत तीच विकली जाते. आणि हो, हा रोग आपलाच नाही, सगळ्या जातिधर्मांच्या बाजारात आहे. पण दुसऱ्याच्या घरातली ओल दाखवून आपली राशी सुकत नाही.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या गिऱ्हाइकांनो, आता तुमच्याकडे आणि माझ्याकडे वळतो.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा. त्याचं म्हणणं साधं आहे: गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच पडेल भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक बाजार सोडून जातो आणि मागे खराब माल उरतो. हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. मास्तरांच्या ओट्यावर मी तेच करून आलो होतो. खरं सांगणाऱ्याला १ लाख १० हजार कमी सांगितले आणि खोटं झाकणाऱ्याला मागितलेले पैसे मोजून दिले. पुढे कळलं, मास्तरांनी कंटाळून गाडी एका एजंटला पावणेचारला दिली. पंधरा दिवसांत तीच गाडी ५ लाख १० हजारांना जाहिरातीत होती. फोटोत डॅशबोर्ड स्वच्छ. १८ हजारांचं काम कोणी केलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: पेटलेल्या दिव्याला भिऊ नका, विझवलेल्याला भ्या. पिवळा दिवा स्थिर असेल तर तो तपासून घ्या म्हणतोय, त्याचा कोड वाचता येतो, खर्च काढता येतो, किमतीतून वजा करता येतो. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय, तेव्हा पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या. गाडी बघायला जाल तेव्हा आधी किल्ली नुसती ऑन करा, स्टार्ट करू नका. इंजिनाचा दिवा पेटला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. ऑन केल्यावर पेटतच नसेल तर तो झाकलेला किंवा काढलेला आहे. इंजिन आधीच गरम करून ठेवलंय का, बोनेटला हात लावून बघा. आपल्या ओळखीचा स्कॅनर न्या आणि कोड नसले तरी दोष पुसल्यापासूनचं अंतर बघा, स्वयंतपासण्या अपुऱ्या दिसतात का बघा. आणि व्हॉट्सॲपवर एक प्रश्न लिहून विचारा: "इंजिनात माहीत असलेला दोष आहे का? उत्तर नाही आलं तर नाही असं समजेन." १८७२ चा दुसरा घोडा तुमच्या बाजूने उभा राहील. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, तेही मागा. त्यात इंजिनाच्या तब्येतीचा दाखला नसतो, पण उद्या तक्रार कोणाविरुद्ध करायची ते तरी कळतं.

आता माझा हिशेब. मिस्त्रीने आकडा दाखवल्यावर भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामू, तीनशे रुपयांत दिवा घालवतो आणि पुण्याला विकून टाकतो. हमना भी फसायाच ना किसीने?" मी नाही म्हणालो. तो चिडला. बहीण म्हणाली, "भाईजान, पोराचे पैसे बुडाले आणि तुम्ही त्याला वाज सुनावताय." तिचं चुकलं नाही. उपदेश फुकट असतो, इंजिन नसतं. म्हणून दुरुस्तीचे निम्मे पैसे मी देतोय, कारण मास्तरांच्या दारातून निघताना मान मीही डोलावली होती.

गाडी सध्या माझ्या दारात उभी आहे. दिवा पेटलेला आहे. भाचा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण उंब्रजच्या त्या ट्रॅक्टरशेजारी, मागून ट्रक येत असताना, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचा भाचा स्टिअरिंगवर असला असता. तो आपला असता की परका, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. तुमच्याही येऊ नये.