थंडीने गारठलेली हिमगाडी

मागच्या दिवाळी अंकात या सदरातून मी शिवणयंत्राच्या कुरबुरींविषयी लिहिले होते. यंदा बर्फावर चालणाऱ्या गाडीविषयी लिहिणार म्हटल्यावर घरातील मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले. पुण्यातल्या माणसाला स्नोमोबाइलचे काय कौतुक, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. पण ज्यांनी पहाटेच्या गारव्यात स्कूटर एका अंगावर कलती करून, मग सरळ उभी करून, देवाचे नाव घेत किक मारली आहे, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. जात एकच. टू-स्ट्रोक इंजिन, तेल मिसळलेले पेट्रोल, आणि सकाळचा रुसवा. फरक एवढाच की आपल्याकडे रुसवा दहा अंशांवर सुरू होतो आणि तिकडे शून्याखाली तीस अंशांवर.

गुलमर्गला जाऊन आलेल्या वाचकांनी ही गाडी पाहिली असेल. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये मोटारसायकलसारखी बैठक. तेथे ती हौसेची चीज आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मात्र ती गरजेतून जन्मली. व्हालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण होता. वयाच्या पंधराव्या वर्षीच त्याने जुन्या मोटारीचे इंजिन आणि विमानासारखा पंखा लावून घसरगाडी पळवली होती. पुढे 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, इस्पितळ दूर, आणि बापाची गाडी अजून अर्धवट. पोर गेले. 1937 साली त्याला दातेरी चाक व पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि सात माणसे बसतील अशी बंद गाडी त्याने विकायला काढली. एकट्यादुकट्याने चालवायची हलकी ‘स्की-डू’ 1959 ची. 1964 साली तो वारला. तेव्हा ही गाडी सुरू न होणे म्हणजे काय, हे तिच्या जनकाइतके कोणाला ठाऊक असणार?

मी जन्मभर पोरांना इंजिने उघडायला शिकवली. निवृत्तीनंतर एक हिवाळा मुलीकडे, कॅनडातील सडबरी या गावी काढला. जावयांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ गावाबाहेर तळ्याकाठी पत्नीसह राहतात. त्यांच्या घराच्या अलीकडे चार किलोमीटरवर नगरपालिकेचे बर्फ काढणे थांबते. तेथून घरापर्यंत किराणा, औषधे, टपाल, सारे त्यांच्या जुन्या हिमगाडीवरून. आणि त्या हिवाळ्यात ती गाडी सकाळी सुरू होईना. चाळीस-चाळीस वेळा दोरी ओढावी तेव्हा कुठे एक धाप टाकायची. गावातल्या एका मेकॅनिकने सांगितले, “क्रँकशाफ्टचे सील गेले. इंजिन पूर्ण उघडावे लागेल.” खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीएवढा. त्यावर मुलांचे म्हणणे असे की, गाडी भंगारात द्या, घर विका, आणि शहरात फ्लॅट घेऊन राहा. म्हातारा गप्प होता. जावई मला म्हणाले, “बाबा, तुम्ही एकदा बघून तरी या.”

गेलो त्या दिवशी उणे सत्तावीस होते. मी प्रथम गाडीला हात लावला नाही. एकच प्रश्न विचारला. एकदा सुरू झाल्यावर, गरम असताना बंद केली तर पुन्हा सुरू होते का? ते म्हणाले, “पहिल्या ओढीला. दिवसभर काही तक्रार नाही.” वाचकहो, डॉक्टर नाडी बघण्याआधी झोप-भूक विचारतो, त्यातलाच हा प्रकार. गरम असताना पहिल्या ओढीला सुरू होणाऱ्या इंजिनात ठिणगी आहे, दाब आहे, पेट्रोलची वाट मोकळी आहे. उणे आहे ते फक्त थंडीत लागणारे जादा काहीतरी.

हे जादा म्हणजे पेट्रोलच. जळते ती पेट्रोलची वाफ, द्रव नव्हे. कडाक्याच्या थंडीत पेट्रोलमधले सर्वांत हलके अंश तेवढे उडतात, बाकीचे थेंब होऊन भिंतींना चिकटून बसतात. म्हणून थंड इंजिनाला नेहमीच्या कितीतरी पट पेट्रोल पाजावे लागते, तेव्हा पेटण्याजोगी वाफ मिळते. थंड मुलखातल्या कंपन्या हिवाळ्यासाठी मुद्दाम अधिक उडणारे पेट्रोल विकतात. उन्हाळ्यात भरून ठेवलेला डबा जानेवारीत वापरला तर निम्मी तक्रार तिथेच. या गृहस्थांचे पेट्रोल आठवड्यापूर्वीचे होते. टाकीत पाणी शिरले असेल तर त्याचे खडे होऊन जाळी अडते, तेही नव्हते. गाडी बंद पाडण्याचे लाल बटण दाबलेले नव्हते, सुरक्षेची दोरी जागेवर होती. हसू नका, या दोन गोष्टी पाहायला विसरून लोक दोरी ओढून खांदे निखळवून घेतात.

दहा वेळा दोरी ओढून दोन्ही सिलिंडरचे प्लग काढले. डाव्याचे टोक ओलसर, उजव्याचे कोरडे ठणठणीत. ठिणगी दोघांचीही निळी. उजव्या सिलिंडरमध्ये चमचाभर मिश्र पेट्रोल सोडून प्लग बसवला आणि ओढले. दोन क्षण भडाडले आणि विझले. म्हणजे पाजले तर पितो. आपणहून मिळत नाही. (उघड्या बोटांवर असले पेट्रोल सांडू देऊ नये. ते उडताना अंगची ऊब नेते आणि इतक्या थंडीत कातडी पाहता पाहता पांढरी पडते.)

आता मेकॅनिकच्या सीलचा प्रश्न. तो माणूस अडाणी नव्हता, हे मुद्दाम सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची पोकळी पेट्रोल-हवा ओढून घेते. तिथले रबरी सील फाटले की बाहेरची कोरडी हवा आत शिरते आणि त्या बाजूचा प्लग कोरडाच निघतो. शिवाय थंडीत रबर कडक होते आणि गरम झाल्यावर नरमते, तेव्हा त्याचा संशय बिनबुडाचा नव्हता. पण संशय आणि निदान यांच्यामध्ये एक तपासणी असते, ती त्याने केली नव्हती. मी हवेची पेटी काढली, उजव्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर हातमोजा काढून तळवा घट्ट धरला आणि गृहस्थांना दोरी ओढायला सांगितले. तळवा आत खेचला गेला आणि काढला तो पेट्रोलने भिजलेला. सील गेले असते तर इतकी ओढ लागली नसती. मोजा घाईने चढवला, पण मन एकदम हलके झाले.

मग उरला चोक. या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसते. एक लहानसा दट्ट्या वर उचलला जातो आणि वेगळ्या छिद्रातून जादा पेट्रोल येते. उचलायचे काम बारीक केबलचे. हँडलजवळची कळ पूर्ण ओढली तरी डावा दट्ट्या नीट उठत होता आणि उजवा जेमतेम केसभर. उजव्या केबलचे वेष्टण आपल्या खाचेतून निसटून ढिले पडले होते. ते बसवले, नट फिरवून ढील दोनएक मिलिमीटरवर आणली. अजिबात ढील न ठेवणेही वाईट, कारण मग दट्ट्या पुरता बसत नाही आणि गाडी दिवसभर पेट्रोल ढोसते. सगळे काम वीस मिनिटांचे, त्यातली दहा बोटे शेकण्यात गेली.

एक गोष्ट आणखी होती. गृहस्थ दोरी ओढताना सवयीने ॲक्सिलरेटर दाबत. हा चोक इंजिनाच्या ओढीवर चालतो. ॲक्सिलरेटर उघडला की ओढ कमी होते आणि जादा पेट्रोल येईनासे होते. मी त्यांना म्हटले, “अंगठा खिशात ठेवा.” ते पहिल्यांदाच हसले. चोक पूर्ण, अंगठा दूर, दोरी हळू ओढून दाब हाताला लागू द्यायचा आणि मग झटका. तिसऱ्या झटक्याला गाडी पेटली. निळा धूर, तेलाचा तो ओळखीचा वास. क्षणभर मला लक्ष्मी रोडवर उभे असल्यासारखे वाटले. शेडचे दार आधीच उघडून ठेवले होते. बंद जागेत इंजिन चालवणे म्हणजे विषवायूला आमंत्रण, आणि थंड मुलखात दार लावून घेण्याचा मोह फार.

मिनिटभराने चोक निम्मा केला, मग बंद. मागचा भाग उचलून आपटला, तेव्हा जमिनीला गोठलेला पट्टा कडकड करून सुटला. लगेच भरधाव सोडायची नाही. पिस्टन लवकर तापून फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि दोघे एकमेकांत अडकून बसतात. इंजिनाचा घास तिथेच होतो. त्यांना हे ठाऊक होते. पाच मिनिटे ते गाडीवर नुसते बसून राहिले.

आजींनी आम्हाला सूप दिले. मुलांना फोन करायचा की नाही, यावर नवराबायकोत हलकेसे वाजले. त्या म्हणत होत्या की, आज केबल होती, उद्या आणखी काही असेल, आणि तेव्हा पुण्याहून कोण येणार? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एका कागदावर तपासणीचा क्रम लिहून दिला. नवी केबल, दोन प्लग आणि प्लगचा पाना शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवायला सांगितले. फेब्रुवारीत त्यांचा जावयांना निरोप आला. उणे तीस, दोन ओढी, दुसरी आजींची.