बहुलक आणि चपलेचा नंबर

भाचीला बहुलकाची व्याख्या तोंडपाठ आहे. पण ५, ६, ६, ६, ७, ८ यांचा बहुलक ती ३ सांगते! तीनदा आला, म्हणून ३. आकडे कशाचे हेच कुणी सांगितलं नाही, तर दुसरं काय होणार?

चपलांचे नंबर म्हणा. मध्य येतो ६.३३. या नंबरची चप्पल कुठे मिळते हो? दुकानदार ६ नंबरचेच जोड जास्त मागवणार. मग ३ कोण म्हणेल? आवडत्या भाजीचा तर मध्य निघतच नाही, बहुलक निघतो (आमच्याकडे भेंडी!). भेंडी-बटाटा बरोबरीत सुटले तर बहुलक दोन, हेही आत्ताच सांगावं. सूत्र काय, दहावीत येतंच.