उताराचा दिवस

आपले कन्हान सपाट जमिनीवरचे गाव आहे. इथे सायकल शिकणाऱ्याला घाटाची ओळख नसते. पण ज्या नदीवरून गावाला नाव मिळाले, ती मात्र डोंगर उतरून आपल्याकडे येते. छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यात, तिचा उगम आहे. त्याच सातपुड्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४४ कुरईच्या घाटाने खाली येतो आणि देवलापार, मनसर अशी गावे घेत आपल्या भागात पोचतो. सिवनी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तर नागपूर सुमारे ३०० मीटरवर. म्हणजे सिवनीहून सायकलींवर परतणाऱ्या सहलीचा एक दिवस उताराचा असणार, हे ठरलेलेच.

अशा दिवसाला सगळे 'मजेचा दिवस' म्हणतात. काळजी करायची ती चढाची, असे पालकांना वाटते आणि पुष्कळ शिक्षकांनाही वाटते. माझे मत उलट आहे. सहलीची सर्वांत जास्त तयारी उताराच्या दिवसासाठी करायला हवी.

चढावर काय होते ते पाहा. मुलगा दमतो, खाली उतरतो, सायकल हाताने ढकलू लागतो. तो मागे पडला हे सर्वांना दिसते. कोणी त्याला पाणी देतो, कोणी त्याची पिशवी घेतो. चढ माणसाला आपोआप सावकाश करतो आणि गटाला एकत्र ठेवतो. उतारावर याच्या उलट घडते. पाय रिकामे असतात, वारा कानात घुमत असतो, आणि प्रत्येक जण एकटाच पुढे निघतो. मागे कोण पडला, हे वळून पाहण्याची सोय नसते.

आता थोडा हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर खड्डा दिसला आणि ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात सायकल १० मीटर पुढे गेलेली असते. ती थांबायला तर अजून सुरुवातही झालेली नसते. शिवाय वेग दुप्पट झाला की सायकलची गतिज ऊर्जा चौपट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या दोन-चार रबरांनी शोषून घ्यायची असते. ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, असे करावे लागते. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक उचलले जाते आणि मुलगा हँडलवरून पुढे फेकला जातो. रिम ओली असेल तर रबर घसरते. ट्रकमधून सांडलेली वाळू आपल्या भागात रस्त्याच्या कडेला नेहमी दिसते. वळणावर तिच्यावरून चाक गेले की सायकल आडवी झालीच म्हणून समजा.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत सुरुवातीलाच कॅलिफोर्नियाच्या डोंगरावरून वाळवंटात उतरणारा एक मोठा उतार लागतो. त्याला 'काचेची लिफ्ट' अशा अर्थाचे नाव पडले आहे. तिथे आडवा वारा सायकल हलवून सोडतो, म्हणून कसलेले सायकलस्वारही तिथे सांभाळून उतरतात. मग आपण, नववी-दहावीतल्या मुलांनी, सांभाळायला लाजायचे काय कारण?

"सर, मग मजा काय उरली?" असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. उतारावर तोंडावर येणारा वारा मलाही आवडतो. पण मजा वेगात असते तशी ती वळणावळणाने उलगडणाऱ्या जंगलातही असते, आणि ते जंगल सावकाश जाणाऱ्यालाच दिसते. (गंमत पाहा, उर्दूत आपण 'उतार-चढाव' म्हणतो आणि मराठीत 'चढउतार'. इथे मात्र मी उर्दूच्या बाजूचा आहे. आधी उताराचाच विचार करावा.)

काही शाळा या भीतीने सायकल-सहलीच बंद करतात. हे मला मुळीच पटत नाही. सहल बंद केल्याने मुलगा उतारावर जायचा थांबत नाही. तोच मुलगा सुटीच्या दिवशी दोन मित्रांना बसवून, एका ब्रेकच्या सायकलवर, रामटेकच्या गडाच्या रस्त्याने खाली येतो. तिथे त्याला सांगणारे कोणी नसते. त्यापेक्षा त्याने शिक्षकांसोबत, शिस्तीत उतरायला शिकलेले बरे.

माझ्या मते व्यवस्था अशी असावी. आदल्या संध्याकाळी प्रत्येक सायकलचे ब्रेक शिक्षकांनी स्वतः दाबून पाहावेत. रबर झिजले असेल तर ती सायकल टेम्पोत चढवावी, मुलगा कितीही रुसला तरी. सर्वांत पुढे सबुरीचा मुलगा किंवा मुलगी असावी, आणि तिला कोणी ओलांडू नये. सर्वांत वेगवान मुलाला सर्वांत मागे ठेवावे, पंप आणि प्रथमोपचाराची पेटी देऊन. त्याला हे आवडणार नाही. पण मागे पडलेल्याला गाठायची ताकद त्याच्याच पायांत असते. दोन सायकलींत निदान २० मीटर अंतर असावे, आणि ट्रकसाठी उजवी बाजू मोकळी सोडावी.

घाट संपला की पहिले काम चहाचे नाही, मुले मोजण्याचे. सगळी आली की मग चहा. पुढे देवलापार सोडून मनसरकडे येताना रस्ता बराच सपाट होतो. ज्याला जोरात पॅडल मारण्याची हौस असेल, त्याने ती तिथे भागवावी.